कोकणात नव्याने आलात? बंदूक-पिस्तुलाचा विचार करण्याआधी

नव्याने कोकणात आलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यात बोअरची चौकशी करतो ती पाण्याच्या. दुसऱ्या वर्षीही बोअरचीच चौकशी असते, पण बंदुकीच्या. तोवर नाचणीत डुकरं लोळून गेलेली असतात, मांगराच्या (शेतघराच्या) मागे बिबट्याचे ठसे उमटलेले असतात, ऐन हंगामात चार पेट्यांचा आंबा रातोरात झाडावरून उतरलेला असतो. मग गडग्यापलीकडे पाचोळा वाजला तरी कमरेला एखादं पिस्तूल असावंसं वाटायला लागतं. वाडीतला शेजारी सरळ विचारतो, "बंदूक कित्याक होई तुमका?" हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नका. परवान्याच्या अर्जातही तोच प्रश्न असतो आणि तिथे उत्तर जमलं नाही तर कागद पुढे सरकत नाही.

घाटावरून येऊन इथे मुरलेल्या आम्हा लोकांचं मत आधीच सांगतो. शेती-बागेच्या राखणीसाठी एकनळी. जिवाला खराखुरा, कागदावर दाखवता येण्याजोगा धोका असेल तर रिव्हॉल्व्हर. रानात भटकायला यातलं काहीही नाही.

शेवटचं आधी घेऊ, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. अमेरिकेतल्या लोकांचे सल्ले वाचून बरेच जण ९ मिमी पिस्तुलाची स्वप्नं पाहत येतात. ९ मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य नागरिकाला मिळत नाही. जे मिळतं ते मुख्यतः ०.३२ इंची. आता हिशोब करा. ०.३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, नळीतून बाहेर पडताना तिची ताकद दीडशे जूलच्या आसपास. बारा बोअरच्या (छऱ्याच्या बंदुकीच्या) काडतुसाची दोन हजारांच्या घरात. आंबोली-तिलारीच्या पट्ट्यात वाटेत आडवा येणारा गवा हजार किलोपर्यंत भरतो. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत, त्यांचं तर बोलायलाच नको. अशा जनावराला ०.३२ लागली तर ते मरत नाही, चिडतं. जखमी रानडुक्कर पळून जाण्याऐवजी अंगावर येतं, हे कुठलाही जुना शेतकरी सांगेल.

त्यात कायद्याचा अडसर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरताच येत नाही. तुमचा परवाना कितीही पक्का असो. फणसाड, कर्नाळा, वर घाटमाथ्यावर राधानगरी, चांदोली, सगळीकडे तोच नियम. म्हणजे घाटवाटेने चढून वर गेलात आणि नकळत हद्द ओलांडलीत, तर बचावासाठी नेलेलं पिस्तूलच गुन्हा ठरतं.

आणि कोकणातलं खरं भय चार पायांचं नाहीच. कातळसड्यावर, गडग्याच्या चिऱ्यांत, गवताच्या भाऱ्याखाली फुरसं असतं, वीतभर-हातभर लांब, वाळल्या पानाच्या रंगाचं. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. त्याच्यावर इलाज म्हणजे गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जमिनीवर मारलेली बॅटरी आणि पुढे टेकवत नेलेली काठी. बूट घालण्याआधी उलटा करून आपटा, विंचवासाठी. (लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दिला. कोकणातल्या माणसाला किती उपयोगाची गोष्ट एका तालुक्याच्या गावातून आली पाहा.) बिबट्या दिसला तर वाकायचं नाही, बसायचं नाही, पळायचं नाही. ताठ उभं राहून आवाज करायचा, मुलांना उचलून घ्यायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरायचं. संध्याकाळनंतर कुत्रा अंगणात मोकळा सोडू नका, बिबट्या घराशी येतो तो बहुतेकदा कुत्र्यासाठी. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६, पोलिसांचा ११२. हे सगळं मिळून दोन हजार रुपयांच्या आत होतं आणि त्याला परवाना लागत नाही.

परवाना कोणाला सहज, कोणाला नाही

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ एकदा शांतपणे वाचा. नवीन माणसाचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. २० इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पीकसंरक्षणासाठी मागितली, तर कलम १४ मधली नकाराची कारणं नसतील तर परवाना द्यायचा आहे, अशी कायद्याची भाषा आहे. ठासणीने भागत नाही असं पटलं तर पिकासाठी काडतुसी बंदूकही देता येते. बाकी सगळ्या हत्यारांसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी, अर्जदाराकडे 'सबळ कारण' आहे याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान व्हावं लागतं. "घर एकाकी आहे" हे सबळ कारण नव्हे, कोकणातली निम्मी घरं एकाकी आहेत. धमकीची नोंद झालेली तक्रार, रोकड घेऊन नेहमी करावा लागणारा प्रवास, पूर्वी झालेला दरोडा, असं काही कागदावर असेल तर गोष्ट वेगळी.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्याने: रायगडकरांनी अलिबागला, रत्नागिरीकरांनी रत्नागिरीला, सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला. वय २१ पूर्ण हवं. ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, ते सुरक्षित ठेवण्याची हमी. पीकसंरक्षणासाठी सातबारा आणि ८-अ. मग पोलीस ठाण्याची चौकशी. पोलीस पाटलांना विचारलं जातं, शेजाऱ्यांना विचारलं जातं.

नव्या माणसाचं घोडं अडतं ते पत्त्यावर. आधार पुण्याचं, मतदान ठाण्याला, वीजबिल आधीच्या मालकाच्या नावावर, आणि अर्ज मात्र देवगडचा. 'तुम्ही इथे राहता कुठे?' असा शेरा येतो आणि फाईल परत. म्हणून घरपट्टी, वीज, आधार, मतदार यादी हे सगळं इथल्या नावा-पत्त्यावर आलं, की मग वर्षभराने अर्ज करा. तोवर पोलीस पाटलांना तुमचं तोंडही ओळखीचं झालेलं असेल. याचा चौकशीत फार उपयोग होतो. पुण्या-मुंबईचा जुना परवाना असेल तर तो आपोआप इकडे लागू झाला असं समजू नका, पत्ताबदल दोन्हीकडे नोंदवावा लागतो. नकार मिळाला तर कारणासह लेखी मागा, कलम १८ प्रमाणे अपील करता येतं.

पीकसंरक्षणाची बंदूक त्या पिकापुरती, परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्रापुरती. ती जीपमध्ये टाकून आंबोलीला नेण्यासाठी नाही. आणि परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायची मुभा आहे असंही नाही. त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. हवेत बार काढून हाकलणं एवढाच तिचा रोजचा उपयोग, आणि खरं सांगायचं तर तेवढ्याने भागतं. दिवाळीनंतर वाडीतले कोणी 'चला पारधीला' म्हणतील. जाऊ नका. ज्या बंदुका तिथे निघतात त्यांतल्या काहींना परवाना नसतो, आणि विनापरवाना बंदूक बाळगणं म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

समजा कारण सबळ आहे, परवाना झाला. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून निवड चुकली तर ती बराच काळ पुरते.

कोकणासाठी आमचा कौल रिव्हॉल्व्हरला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ०.३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, तीन इंची (७६ मिमी) नळीचं, वजनाला साधारण सातशे ग्रॅम. नळी पुढे मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली झुकून, उघडते. २०१४ साली आलेलं 'निर्भीक' त्याच बोअरचं पण पाचशे ग्रॅमचं. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'ची चक्री (गोळ्या बसतात तो फिरता भाग) बाजूला उघडते, नळी मोडावी लागत नाही. हलकं हत्यार कमरेला छान, पण धक्का हाताला जास्त देतं. ज्याला वर्षातून दोनदाच सराव मिळणार त्याने सातशे ग्रॅमचंच घ्यावं.

पिस्तूल म्हणजे सरकारी ०.३२ 'अशनी' किंवा तत्सम, आठ गोळ्यांचं मॅगझीन. चपटं असतं, झाकायला सोपं. पण पिस्तुलाला तीन सवयी लागतात: घट्ट मनगट, स्वच्छ मॅगझीन आणि नियमित सराव. मनगट सैल राहिलं तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुरती मागे जात नाही आणि रिकामं काडतूस दारातच अडकतं. मॅगझीनच्या ओठांना गंज धरला की पुढची गोळी तिरकी चढते. कोकणात तेही होतं आणि तेही जूनमध्येच होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढला की गोळीचं पुढचं घर नळीसमोर येतं. शिवाय ते भरलंय की रिकामं हे उघडून डोळ्यांनी मोजता येतं. पिस्तुलाने झालेले बरेच अपघात एका वाक्याने होतात: "मॅगझीन काढलंय, रिकामंच आहे." मॅगझीन निघालं तरी एक गोळी नळीत बसलेली असू शकते. मॅगझीन काढा, मग स्लाइड दोनदा ओढा, मग करंगळी घालून घर चाचपा. क्रम उलटला तर स्लाइड मॅगझीनमधली नवी गोळी आत चढवते.

काडतुसाचा घोळ इथेच समजून घ्या. दोन्हींना लोक 'बत्तीस' म्हणतात, पण गोळी एक नाही. रिव्हॉल्व्हरची ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग, तिचं पितळी कवच २३ मिमीहून थोडं जास्त लांब, बुडाला रुंद कडा. पिस्तुलाची ०.३२ एसीपी, कवच जेमतेम १७ मिमी, कडा नावालाच. एकाची दुसऱ्यात वापरू नका, आणि परवान्यावर नुसतं '०.३२' न लिहिता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल हे स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर काडतुसं घेताना विक्रेता अडवतो.

घेताना दुकानात पाहायचं ते असं. आधी रिकामं असल्याची स्वतः खात्री. मग घोडा मागे ओढून चक्री हलवून बघा, गोळीचं घर नळीसमोर घट्ट बसलं पाहिजे, किंचित लुकलुक चालेल, खडखड नको. सहाही घरांवर तपासा, एकाच घरावर समाधान मानू नका. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची खिटी बंद झाल्यावर नळी हाताने वर-खाली हलवा. जुन्यात सांधा ढिला झालेला असतो, आणि ढिल्या सांध्याचं हत्यार फुकट मिळालं तरी घेऊ नये. चाप घोडा न चढवता थेट ओढून बघा. सरकारी रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर घ्यायचं असेल तर त्या माणसाच्या बोटाने ओढून बघा.

आणखी एक खोड. मोडणारं रिव्हॉल्व्हर हळूहळू उघडलं तर रिकामी कवचं वर सरकवणारी चांदणी मध्येच एखाद्या कवचाच्या कडेवरून घसरते, कवच तिच्याखाली जाऊन बसतं, आणि मग हत्यार ना उघडत ना मिटत. नळीचं तोंड आकाशाकडे करून एका झटक्यात पूर्ण उघडायचं, कवचं आपोआप खाली पडतात. घोडा आपटल्यावर गोळीपासून अडवणारा अडसर जुन्या हत्यारात नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, पाचच भरा.

सराव बागेत नाही. कातळावर किंवा जांभ्याच्या बांधावर आपटलेली गोळी कुठे उसळेल सांगता येत नाही. नेम जेमतेम वीस मीटरचा असला तरी गोळी किलोमीटरभर जाऊ शकते, आणि कोकणात एवढ्या अंतरात दुसरी वाडी असतेच. मान्यताप्राप्त रेंजवरच. बार काढल्यावर नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं 'फुस्स' झालं तर थांबा, लगेच दुसरा बार काढू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. उघडा, रिकामं करा, नळीतून सळई घालून पाहा. अजिबात उडालीच नाही तर अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेला धरून ठेवा. दमट काडतुसात उशिरा पेट घेण्याचा प्रकार घडतो.

खारं वारं

तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारी हवा. घाटावर दहा वर्षं टिकणारं हत्यार इथे एका पावसाळ्यात जातं. घामट बोटाने नळीला हात लावा आणि दोन दिवसांनी बघा: अंगठ्याचा ठसा रेषांसकट तांबूस उमटलेला दिसेल. म्हणून हात लावला की पुसायचं. रोज वापर नसला तरी जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांनी, नळी आतून कापडाने कोरडी करून पातळ तेलाचा हात.

तेल कुठलं, तर बंदुकीचं, नाहीच मिळालं तर शिलाई मशीनचं. खोबरेल कधीही नाही. कोकणात घरोघरी असतं म्हणून नवे लोक हमखास लावतात. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, पौषातल्या पहाटे तेवढा गारवा इथेही असतो, आणि राहून राहून त्याचा चिकट पिवळा राळेसारखा थर होतो. चक्री त्यात रुतते. काढायचं तर रॉकेलने धुवा, कोरडं करा आणि पुन्हा योग्य तेल लावा.

चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नका. चामडं ओल शोषतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंड खातात. म्यान नेण्यापुरतं, तेही नायलॉनचं किंवा कडक प्लॅस्टिकचं. ठेवताना सुती कापडात सैल गुंडाळून, सोबत सिलिका जेलची पुडी. तिचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करून पुन्हा वापरता येतात.

काडतुसं वेगळी, घट्ट झाकणाच्या डब्यात, वेगळ्या कुलपात. त्यांना तेल लावायचं नाही. तेल बुडातल्या टिकलीत झिरपतं आणि बार फुकट जातो. पितळेवर हिरवा कळंक चढलेलं काडतूस तळहातावर घेऊन नखाने खरवडा: नुसता वरचा थर निघून खालचं पितळ गुळगुळीत लागलं तर पुसून सरावाला चालेल. खड्डे लागले तर वापरायचं नाही, विक्रेत्याकडे द्यायचं. बारा बोअरची कागदी काडतुसं इथे फुगतात आणि नळीत जात नाहीत, प्लॅस्टिक कवचाचीच घ्या. किती काडतुसं ठेवायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. वापरलेल्यांची रिकामी कवचं फेकू नका, हिशोब विचारला जातो.

तिजोरी भिंतीला बसवताना लक्षात ठेवा की भिंत जांभ्याच्या चिऱ्याची आहे. चिऱ्यात ठोकलेला फास्टनर चार महिन्यांत भुसा पाडून सैल होतो आणि तिजोरी हातात येते. स्लॅबच्या तुळईत किंवा लिंटेलच्या काँक्रीटमध्ये पकडा, नाहीतर चिऱ्यात खोल भोक करून सिमेंटमध्ये सळईच बसवा. घरात पाहुण्यांना खोल्या देत असाल तर तिजोरी त्यांच्या बाजूला नको. कोकणात पडवीपासून माजघरापर्यंत कोणीही 'आहात काय' म्हणत आत येतं, ती चांगली रीत आहे. उशीखाली पिस्तूल ठेवणाऱ्याला ती झेपत नाही.

बाहेर नेताना म्यानात, पूर्ण झाकलेलं, परवाना सोबत. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर बांदा ओलांडून गोव्यात नेऊ नका, बाजाराला गेलात तरी. निवडणूक आचारसंहिता लागली की पोलीस हत्यार जमा करायला सांगतात. पीकसंरक्षणाच्या बंदुकाही जातात, आणि नेमकं तेव्हाच शेतात काहीतरी उभं असतं. सूट हवी असेल तर आदेश आल्याबरोबर अर्ज करा, हत्यार जमा केलंत तर पावतीवर नंबर तपासून घ्या. शिमग्याला, लग्नाला हौसेचा बार नको: उत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आंबा चोरणाऱ्यावर बंदूक रोखता येते का, हे सगळे विचारतात. नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, असल्या मोजक्याच प्रसंगी, आणि साध्या चोरीत फक्त जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तरच. आंब्याच्या कलमावर चढलेला, पाठ फिरवून पळणारा माणूस यात बसत नाही. त्याच्यासाठी बॅटरी, आरडाओरड, जमलं तर फोटो, आणि ठाण्यात तक्रार. हंगामाचे दोन महिने राखणीला माणूस ठेवा, रिव्हॉल्व्हरपेक्षा स्वस्त पडतो.

गणपती उरकून किंवा मे संपल्यावर घर बंद करून वर जाणार असाल तर हत्यार मागे ठेवू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून पावती घ्या, आणि पावतीचा फोटो परवान्याच्या फोटोसोबत ठेवा. परवाना आता पाच वर्षांचा असतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज घाला, म्हणजे ती तारीख ऐन भातकापणीत किंवा आंब्याच्या हंगामात येऊन अडचण होणार नाही.